पंधरा मिनिटांची सायकल

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव... आपल्याकडच्या कुठल्याही आळीत सकाळी एक चक्कर मारा. कुणाच्या तरी पडवीत नाहीतर जिन्याखाली एक लेडीज सायकल हमखास दिसेल. हँडलवर ओला टॉवेल, कॅरिअरवर कांद्याची गोणी आणि दोन्ही चाकांत हवा नाही. याच सायकलवरून घरातल्या बाईने एके काळी हायस्कूल गाठलेलं असतं. मैत्रिणींशी शर्यत लावलेली असते, उतारावर दोन्ही पाय वर घेतलेले असतात. मग शिक्षण संपलं, लग्न झालं, मुलं झाली, दारात स्कूटी आली.

सायकल का सोडली, असं विचारलं तर कुणी म्हणतं वेळ नाही. कुणी म्हणतं गुडघे धरतात. कुणाला या वयात लोक काय म्हणतील याची धास्ती. ही कारणं खोटी नाहीत. पण त्यांच्या तळाशी आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे हौसच गेलेली असते. आणि मैत्रिणींनो, गेलेली हौस काही आठवडे बाजारात मिळत नाही!

मग ती परत येते तरी कशी? याचं उत्तर सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका बाईने स्वतःच्या अंगावर प्रयोग करून शोधलं. तिचं नाव फ्रान्सिस विलार्ड. ती होती अमेरिकेची, पण आपल्या पंडिता रमाबाईंना ती चांगली ठाऊक होती.

फ्रान्सिसचा जन्म 28 सप्टेंबर 1839 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या चर्चव्हिल गावचा. पुढे घरच्यांनी विस्कॉन्सिनमध्ये शेती घेतली आणि तिचं बालपण शेतावरच गेलं. घरात तिला फ्रँक या मुलाच्या नावाने हाक मारत. झाडावर चढणं, रानात भटकणं, सुतारकामाची हत्यारं हाताळणं, सगळ्यात ती भावाच्या बरोबरीने पुढे. वडील घोड्यावर बसू देईनात, तर या पोरीने एका गाईलाच रपेटीला तयार केलं.

सोळावं लागलं आणि सगळं बदललं. पायघोळ झगा अंगावर आला. केस वर बांधले गेले. धावणं बंद, उड्या बंद. जमिनीवर लोळणारा तो झगा सावरत चालण्यात तिला काही गोडी वाटेना. आवडीचं मोकळं रान दाराबाहेर तसंच होतं, पण त्यातली तिची मजा संपली. आपल्याकडे मुलगी मोठी झाली की तिची सायकल धाकट्या भावाकडे जाते ना, अगदी तसंच!

पुढे फ्रान्सिस शिकली, शिक्षिका झाली. 1871 मध्ये इव्हॅन्स्टन इथल्या मुलींच्या कॉलेजची ती प्रमुख झाली. मतभेद झाले तेव्हा 1874 मध्ये तिने राजीनामा दिला आणि दारूबंदीच्या चळवळीत उडी घेतली. आपल्या गावांतून उभी बाटली, आडवी बाटली असं मतदान करून बायकांनी दारूची दुकानं बंद पाडली, ते आपण जाणतोच. नवऱ्याच्या दारूपायी घर कसं बसतं हे बाईइतकं कुणाला कळणार? तिथेही बायका याच दुःखाने एकत्र आल्या होत्या. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची फ्रान्सिस 1879 मध्ये अध्यक्ष झाली, ती शेवटपर्यंत. पांढरी फीत ही या बायकांची खूण. दारूबंदी व्हायची तर बाईला मताचा हक्कही हवा, हे तिने संघटनेच्या गळी उतरवलं.

पंडिता रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या, त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने. तिथल्या मुक्कामात त्यांची फ्रान्सिसशी ओळख झाली, तिच्या संघटनेशी नातं जुळलं. परतल्यावर 1889 मध्ये त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं, त्यात या बायकांच्या कामाची माहिती आहे. म्हणजे आपल्या पणज्यांच्या काळात हे काम मराठी घरांत पोचलं होतं. त्याच रमाबाईंचं मुक्ती मिशन आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला आहे.

त्याच सुमारास फ्रान्सिसला एका सायकल कंपनीने तीनचाकी सायकल भेट दिली. तिला केवढा आनंद झाला! पण आनंदाच्या भरात वेग वाढला, ती उलटून पडली आणि कोपर दुखावलं. मग भाषणं, दौरे, पत्रं, सभा या रेट्यात तो नाद मागे पडला, तो पडलाच. एकदा पडल्यावर पुन्हा बसायला जीव धजत नाही, हे सायकलवरून पडलेल्या प्रत्येकीला माहीत आहे.

1892 च्या ऑगस्टमध्ये तिची आई गेली. फ्रान्सिसने लग्न केलं नव्हतं. आई हाच तिचा सगळ्यात मोठा आधार होता. तो गेला आणि इतकी वर्षं कामात दाबून ठेवलेला थकवा एकदम वर आला. शरीर साथ देईना. इंग्लंडमध्ये लेडी हेन्री सॉमरसेट ही तिची मैत्रीण आणि कामातली सोबतीण होती. तिच्याकडे ती विश्रांतीला गेली. मोकळ्या हवेत राहा, व्यायाम करा, असा सल्ला मिळाला. सायकल शिकायचं तिने ठरवलं तेव्हा वय होतं त्रेपन्न!

मैत्रिणींनी तिला उचलून धरलं असेल असं वाटतं ना? नाही. इव्हॅन्स्टनच्या एका तरुण शाळाशिक्षिकेचा अपवाद सोडला, तर सायकल शीक असं म्हणणारं कुणी नव्हतं. या वयात हिला हे जमायचं नाही, असंच बहुतेकांना वाटत होतं. पण तेच तिच्या शिकण्याचं एक कारण झालं. दुसरं कारण बायकांसाठी होतं. आपण बसलो तर इतर चारजणी बसतील, हा तिचा हिशेब.

तिचं शिकणं मोठं गमतीचं आहे. पहिल्या वेळी तिघा तरुणांनी सायकल धरली आणि बाईसाहेब भीत भीत सीटवर चढल्या. नंतर दोन मुली दोन बाजूंनी हँडलचा दांडा धरून चालायच्या, तोल राखता राखता त्या लालबुंद व्हायच्या. मग एकच बाजूला राहिली. मग कुणी न धरता, पण कुणीतरी जवळ उभं आहे या धीरावर. नजर पुढच्या चाकावर ठेवली की आपण पडतो आणि समोर लांबवर ठेवली की तोल सांभाळतो, हेही तिला पडत-झडतच उमगलं. आपल्या लेकीला आपण हेच शिकवतो ना? खाली बघू नकोस, पुढे बघ!

तिने सराव किती केला? रोजचा साधारण पाव तास. असे तीन महिने. आधी पायडल मारणं, मग वळणं, मग उतरणं आणि सगळ्यात शेवटी आपलं आपण चढणं. एकेक गोष्ट जमवायची आणि थांबायचं. तीन महिन्यांच्या पाव-पाव तासांची बेरीज केली तर पुरता एक दिवसही भरत नाही. 20 जानेवारीचा दिवस तिने कायम लक्षात ठेवला, कारण त्या दिवशी जवळ कुणीही नसताना ती एकटी सायकलवर चढली आणि निघाली. आपल्या सायकलचं नाव तिने ठेवलं ग्लॅडिस.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. फ्रान्सिस हौस यायची वाट बघत बसली नाही. आईच्या दुःखात, आजारात तिला आतून उत्साह कुठून येणार होता? तिने आधी पाव तास बाजूला काढला. गोडी मागून आली. शिवाय ती एकटीने झुंजली नाही, सुरुवातीला दुसऱ्यांचे हात घेतले आणि मग एकेक सोडत गेली.

कपड्यांचाही प्रश्न तिने साधेपणाने सोडवला. झगा जमिनीपासून तीन इंच वर घेतला, डोक्यावर गवती हॅट, पायात चालायचे बूट. सोळाव्या वर्षी ज्या झग्याने तिचं रान हिरावलं, तो तिने उतारवयात थोडासा वर उचलला, इतकंच. सगळा अनुभव तिने 1895 मध्ये एका छोट्या पुस्तकात लिहिला. ते खूप वाचलं गेलं.

फ्रान्सिस काही देवी नव्हती. अमेरिकेत काळ्या लोकांना जमाव ठार मारत होते, त्याविरुद्ध ती हवी तशी ठाम उभी राहिली नाही, म्हणून आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार स्त्रीने तिला जाहीर जाब विचारला आणि तो रास्तच होता. सायकलने तिचा आजारही बरा झाला नाही. 17 फेब्रुवारी 1898 ला, वयाच्या 58 व्या वर्षी ती न्यूयॉर्कमध्ये वारली. अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला तो 1920 मध्ये, ते काही तिने पाहिलं नाही. मात्र 1905 मध्ये अमेरिकेच्या संसद भवनातल्या पुतळ्यांच्या दालनात तिचा पुतळा बसला. त्या दालनातला स्त्रीचा तो पहिला पुतळा. आणि ग्लॅडिस तिच्या इव्हॅन्स्टनच्या घरी जपून ठेवलेली आहे.

मग आपण काय करायचं? पहिलं काम सायकलवाल्याकडचं. हवा, ब्रेक, चेनला तेल आणि ट्यूब कुजली असेल तर नवी. सुरुवातीला सीट खाली करून घ्या, बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. हात बसला की सीट वर घ्या, म्हणजे गुडघ्यावर ताण येत नाही. साडी चाकात जाते, तेव्हा पंजाबी ड्रेस बरा, ओढणी मात्र गाठ मारूनच. गुडघ्याचं जुनं दुखणं, चक्कर किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

जागा आपली आपण निवडायची. पुणे-नाशिक हायवे यासाठी नाही. शाळेचं मैदान किंवा वाडीचा आतला रस्ता पुष्कळ झाला. आणि वेळ उजाडल्यानंतरची. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे पहाटेच्या अंधारात किंवा दिवेलागणीनंतर एकटीने उसाच्या कडेने जायचं नाही.

सोबत लेक असेल, सून असेल, शेजारीण असेल तर तिला सीट धरायला सांगा. लाजू नका, फ्रान्सिसला तर तिघे लागले होते! घड्याळ लावून पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको. जमलं नाही तर सायकल हातात धरून चालत घरी या, उद्या पुन्हा पंधरा मिनिटं. उत्साह वाटला तरच काढू, असं मात्र म्हणू नका. उद्या सकाळचा चहा झाला की त्या सायकलच्या हँडलवरचा टॉवेल काढून दोरीवर वाळत घाला आणि सायकल ढकलत का होईना, हवा भरायला घेऊन जा.