सवलत, मर्जी आणि हक्क : लोकराजा शाहूंची शिकवण

आयात शुल्कातील सवलत हा मंत्री आणि राजदूतांचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध, असे चळवळीतल्या तरुणांना वाटते. आम्हाला मात्र त्यामागचा न्याय कोल्हापूरच्या इतिहासात दिसतो.

26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव 1884 मध्ये दत्तक जाऊन शाहू छत्रपती झाले. 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. पुढच्याच वर्षी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, 1906 मध्ये कापड गिरणीचा पाया घातला. पण पेठ खुली केली म्हणजे सर्वांना संधी मिळाली, असे त्यांनी मानले नाही. दरबारातल्या नोकऱ्या मूठभरांच्याच हाती होत्या. म्हणून 26 जुलै 1902 रोजी, स्वतः इंग्लंडमध्ये असताना, त्यांनी मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या.

गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला सवर्ण गिऱ्हाईक येईना. महाराज स्वतः तिथे थांबून चहा प्याले आणि सोबतच्यांनाही पाजला. नुसत्या परवानगीने धंदा चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

असमानांना एकच नियम लावणे अन्यायाचे आहे, हीच बाजू विकसनशील देशांनी पुढे जगासमोर मांडली. 1968 मध्ये दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार परिषदेने ती मान्य केली : गरीब देशांच्या मालावर कमी शुल्क, बदल्यात सवलतीची मागणी नाही. 1971 मध्ये गॅटने त्यासाठी आपल्या नियमाला 10 वर्षांची सूट दिली. पण ही सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर राहिली. अमेरिकेने 5 जून 2019 पासून भारताची सवलत काढून घेतली.

मर्जी आणि हक्क यांतला हा फरक महाराजांनी ओळखला होता. 1917 मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, 1918 मध्ये महार वतन रद्द केले. मार्च 1920 मध्ये माणगाव परिषदेत बाबासाहेबांचे नेतृत्व त्यांनी समाजासमोर जाहीर केले. 6 मे 1922 रोजी, वयाच्या 47 व्या वर्षी, ते गेले. त्यांचा हुकूम एका संस्थानापुरता होता. बाबासाहेबांनी त्या विचाराला संविधानात हक्काचे स्थान दिले.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे : व्यापार कराराची बातमी वाचताना सवलत कारागिराच्या हातात पडते का आणि ती उद्या टिकेल का, हे दोन प्रश्न विचारायला शिका. लोकराजाला हेच खरे अभिवादन ठरेल.