विश्लेषण : करमणुकीचे चांगले मासिक कसे घडते? आजगावच्या का. र. मित्रांनी १३० वर्षांपूर्वी काय केले?

व्हिडिओ गेमला वाहिलेले ‘गेम इन्फॉर्मर’ हे अमेरिकी मासिक ऑगस्ट २०२४ मध्ये, ३३ वर्षांच्या वाटचालीनंतर अचानक बंद झाले. त्याचे संकेतस्थळही हटवण्यात आले. मार्च २०२५ मध्ये नव्या मालकाने ते पुन्हा सुरू केले. कोणत्याही गेमची चित्रफीत मोबाइलवर फुकट पाहता येत असताना त्यावरचे मासिक कशाला, असा प्रश्न यानिमित्ताने विचारला गेला. करमणुकीच्या मासिकाने वाचकाला नेमके काय द्यायचे, हा प्रश्न मराठीत १८९५ सालीच एका तेवीस वर्षांच्या तरुणापुढे होता. त्याच्या मासिकाचे नावच ‘मनोरंजन’ होते.

का. र. मित्र कोण होते?

काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे मूळ आडनाव आजगावकर. जन्म १८७१ चा, तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानातील आजगावचा. तेरेखोल खाडीकाठच्या आरोंद्यापासून हे गाव जवळच आहे. खाडीपलीकडे गोवा, अलीकडे शिरोडा, आरवली, आजगाव असा हा पट्टा. आजच्या सिंधुदुर्गाचे नियतकालिकांशी नाते त्याआधीचे आहे. ‘दर्पण’ (१८३२) आणि ‘दिग्दर्शन’ (१८४०) काढणारे बाळशास्त्री जांभेकर याच जिल्ह्यातील पोंभुर्ल्याचे. जांभेकरांचा भर ज्ञानप्रसारावर होता. मित्रांनी मात्र वाचनाचा आनंद हाच मासिकाचा पाया मानला आणि जानेवारी १८९५ मध्ये मुंबईत ‘मनोरंजन’ सुरू केले.

‘आजगावकर’चे ‘मित्र’ कसे झाले?

त्या काळात बंगाली कथा-कादंबरी भारतीय भाषांमध्ये आघाडीवर होती. मित्रांना या साहित्याची ओढ लागली. ते बंगाली शिकले आणि त्याच प्रेमापोटी ‘मित्र’ हे बंगाली आडनाव त्यांनी धारण केले. ही केवळ हौस नव्हती. आपल्या भाषेत जे लिहिले जात नाही ते शेजारच्या भाषेत कसे लिहिले जाते, हे संपादकाला ठाऊक असल्याचा फायदा मासिकाला झाला. बंगालीतून आलेल्या कथा ‘मनोरंजन’मधून मराठी घरांत पोहोचल्या. या मासिकाचे गाजलेले कथाकार वि. सी. गुर्जर यांच्या अनेक कथांवरही बंगालीची छाया आहे.

‘मनोरंजन’चे वेगळेपण काय?

हरि नारायण आपटे यांचे ‘करमणूक’ हे साप्ताहिक १८९० पासून पुण्यात निघत होते. म्हणजे मैदान मोकळे नव्हते. ‘करमणूक’मधील स्फुट गोष्टी बऱ्याचदा लांबत आणि पुढच्या अंकांत जात. ‘मनोरंजन’ने ‘संपूर्ण गोष्ट’ रुजवली. एका अंकात सुरू झालेली गोष्ट त्याच अंकात संपे. त्यामुळे लेखकाला पाल्हाळ आवरावा लागला आणि मराठी लघुकथेला घाट मिळू लागला. मराठी कथेच्या इतिहासात ‘करमणूक’नंतरचा टप्पा ‘मनोरंजन’च्या नावाने ओळखला जातो, तो यामुळेच.

त्याच वेळी वाचक पुढच्या अंकाची वाट पाहील, याचीही सोय होती. वा. म. जोशी यांची ‘रागिणी’ ही कादंबरी ‘मनोरंजन’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. बालकवी आणि गोविंदाग्रज यांच्या कविता येथे छापल्या गेल्या. स्त्रीशिक्षण आणि सामाजिक सुधारणांवरील लेखनालाही जागा मिळाली. १९१६ मध्ये मासिकाने आगरकरांवर खास अंक काढला. गोष्टीसाठी मासिक घेणाऱ्या घरात असा अंक जाणे ही त्या काळी साधी बाब नव्हती. करमणूक म्हणजे उथळपणा नव्हे, हे मित्रांनी अंकांच्या मांडणीतूनच दाखवून दिले.

दिवाळी अंकाची कल्पना कुठून आली?

इंग्रजी नियतकालिके नाताळात खास अंक काढत. सणाच्या सुट्टीत वाचायला सवड असते आणि घरातले सगळे एकत्र असतात, हे त्यामागचे साधे गणित. मित्रांनी ते दिवाळीला लावले आणि १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला. मराठीतील दिवाळी अंकांची परंपरा या अंकापासून मोजली जाते. नाताळ अंकाची नुसती नक्कल केली असती तर तो एका वर्षाचा प्रयोग ठरला असता. फराळाच्या ताटाशेजारी वाचनाला जागा करून दिल्याने तो मराठी घराचा रिवाज झाला. आजही दर दिवाळीला शेकडो अंक निघतात.

गेमिंग मासिकांशी याचा संबंध काय?

व्हिडिओ गेमची मासिके १९८१ च्या सुमारास अमेरिका आणि ब्रिटनमध्ये सुरू झाली. जपानचे ‘फॅमित्सू’ १९८६ चे. त्यात चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि बेरीज चाळीसपैकी होते. एकाच्या आवडीवर निकाल लागू नये, ही त्यामागची काळजी. या मासिकांपुढची मोठी अडचण वेगळीच असते. ज्या कंपन्यांच्या गेमचे परीक्षण करायचे, जाहिराती बहुधा त्यांच्याच असतात. त्यामुळे महागडा गेम फसला असेल तर तसे स्पष्ट लिहिणे, हीच तिथे चांगल्या मासिकाची कसोटी ठरते.

मित्रांपुढे परीक्षणाचा प्रश्न नव्हता, पण निवडीचा होता. लेखक नामवंत आहे म्हणून छापायचे, की वाचकाचा वेळ सार्थकी लागेल म्हणून? वर्गणीदार पैसे आधी भरतो आणि अंक नंतर पाहतो. त्याचा सगळा भरवसा संपादकाच्या निवडीवर असतो. गेमची माहिती आज कुठेही मिळते. त्यातले कशावर वेळ घालवावा आणि का, हे कोणाचेही मिंधे न होता सांगणारा माणूस सहज मिळत नाही. मासिक विषयावर चालत नाही, या भरवशावर चालते. हे गोष्टींच्या मासिकाला लागू होते, तसेच गेमच्या मासिकालाही.

मित्रांनंतर काय झाले?

या भरवशाची दुसरी बाजूही ‘मनोरंजन’च्या वाट्याला आली. १९१८ मध्ये बालकवी गेले. जानेवारी १९१९ मध्ये गोविंदाग्रज, म्हणजे राम गणेश गडकरी गेले. १९२० मध्ये खुद्द मित्रांचे निधन झाले. तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. जेमतेम दोन वर्षांत मासिकाने दोन मोठे कवी आणि संपादक गमावला. त्यानंतरही ते चालू राहिले, पण तोवर वाचकांपुढे नवी मासिके आली होती. अखेर १९३५ मध्ये ‘मनोरंजन’ थांबले.

मित्र गेले त्याच १९२० साली वि. स. खांडेकर शिक्षक म्हणून आजगावशेजारच्या शिरोड्याला आले आणि पुढील अठरा वर्षे तेथे राहिले. ‘मनोरंजन’ने घडवलेल्या कथेच्या वाचकवर्गाला याच परिसरातून पुढचा मोठा लेखक मिळाला. चाळीस वर्षे चाललेल्या या मासिकाचे जुने अंक आज वाचायचे तर जुनी ग्रंथालये गाठावी लागतात. निदान कागद असल्याने ते शोधता तरी येतात. ‘गेम इन्फॉर्मर’च्या वाचकांना मात्र २०२४ मध्ये सारे जुने लेख एका दिवसात दिसेनासे झालेले पाहावे लागले.