दाराबाहेर बसलेली आई

मोगूबाई कुर्डीकर हे नाव तुम्ही किशोरी आमोणकरांची आई म्हणून ऐकलं असेल. पण त्याआधी मोगूबाई स्वतः कुणाची तरी लेक होत्या. आज ती गोष्ट वाचा.

मागच्या महिन्यातला एक रविवार. सकाळी मी चिंचणीहून रिक्षाने वाणगाव स्टेशनला आले आणि लोकलची वाट बघत उभी होते. शेजारी सात-आठ वर्षांची एक मुलगी. केसांचा घट्ट अंबाडा, पाठीवर सॅक आणि सॅकच्या बाजूच्या खिशातून डोकावणारे गुलाबी बॅले शूज. सोबत तिची आई, हातात डब्याची पिशवी. मुंबईतल्या एका बॅले क्लासमध्ये मुलीची निवड चाचणी होती. तोवर तुम्ही काय करणार, असं मी आईला विचारलं. बाहेर बसणार, असं ती अगदी सहज म्हणाली आणि मुलीच्या अंबाड्यात सुटलेली पिन पुन्हा खोचली.

ते बाहेर बसणं माझ्या डोक्यातून जाईना. आपण निवड झालेल्यांच्या मुलाखती वाचतो, त्यांचे रील्स शेअर करतो. दाराबाहेर बसलेल्या माणसाचं नाव आपल्याला क्वचितच माहीत असतं.

बॅलेच्या जगातली सगळ्यात गाजलेली मुलगी घ्या. ॲना पाव्हलोवा, जन्म १८८१, रशियातलं सेंट पीटर्सबर्ग. आई कपडे धुण्याचं काम करायची. त्या कमाईतून तिने लेकीला मारिन्स्की थिएटरमध्ये ‘स्लीपिंग ब्यूटी’ हा बॅले दाखवायला नेलं. मुलीने तिथेच ठरवलं की आपण नाचायचं. आईने तिला शाही बॅले शाळेत नेलं, तर वय लहान आणि तब्येत नाजूक म्हणून नकार मिळाला. आईने पुन्हा नेलं. १८९१ मध्ये, दहाव्या वर्षी, तिला प्रवेश मिळाला. पुढे सगळ्या जगाने तिचा नाच पाहिला. १९२२-२३ च्या आशिया दौऱ्यात ती मुंबईलाही येऊन गेली.

साधारण त्याच सुमारास मुंबईत अठरा वर्षांची एक मुलगी गाणं शिकायला येऊन राहिली होती. तिच्यासाठी अशी कुठलीही शाळा नव्हती. फॉर्म नाही, परीक्षा नाही, निकालाची यादी नाही. एका माणसाने हो म्हटलं तर शिक्षण, नाही म्हटलं तर संपलं. तिच्या बाहेर बसायला आईसुद्धा नव्हती. आई आठ वर्षांपूर्वीच गेली होती.

कुर्डी, आई आणि फिरती नाटक कंपनी

मोगूचा जन्म १५ जुलै १९०४ चा, गोव्यातल्या कुर्डी गावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. आई जयश्रीबाई स्वतः उत्तम गायच्या. गोव्यात देवळांशी बांधलेला जो कलावंत समाज होता, त्यात गाणं घराघरात होतं. पण गाणाऱ्या बाईचं गाणं लोकांना हवं असायचं आणि तिला मान द्यायची वेळ आली की तेच लोक मागे सरायचे. जयश्रीबाईंना हे पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. तरीही त्यांनी लेकीसाठी गाणंच निवलं असं म्हणण्यापेक्षा, मोठी गायिका निवडली म्हणूया. मुलीने नुसतं गाऊ नये, नाव काढावं, ही त्यांची इच्छा.

मग त्यांनी काय केलं? जे आजही आई-बाबा करतात तेच. शोधाशोध. मोगू दहाएक वर्षांची असताना त्यांनी तिला जांबावलीला नेलं आणि तिथे तिच्या शिकण्याची सोय लावली. ते थोडे दिवस चाललं. मग त्यांनी चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या फिरत्या नाटक कंपनीचं दार ठोठावलं. तो काळ संगीत नाटकांचा होता. ज्या मुलीला गाणं येतं पण गुरू परवडत नाही, तिच्यासाठी नाटक कंपनी म्हणजे होस्टेल, क्लास आणि नोकरी, तिन्ही एकत्र. तालीम फुकट, जेवण कंपनीचं, आणि रोज समोर लोक.

आणि १९१४ मध्ये जयश्रीबाई गेल्या. मोगू अवघी दहा वर्षांची.

इथे क्षणभर थांबा आणि स्वतःचं दहावं वर्ष आठवा. चौथी-पाचवीतले आपण. या मुलीकडे त्या वयात घर नव्हतं, पैसा नव्हता, फक्त आईने ठरवून दिलेली एक दिशा होती. जाता जाता आईने लेकीकडे मागितलं तेही गाणंच, असं सांगतात. मोगू कंपनीत परतली. थोड्याच काळात कंपनीचं दिवाळं निघालं.

दार उघडतं, दार बंद होतं

पुढची जागा मिळाली सातारकर स्त्री संगीत मंडळीत. नावाप्रमाणे ही बायकांची कंपनी. बालगंधर्व साडी नेसून रंगभूमी गाजवत होते त्याच काळात इथे सगळी कामं बायका करत. मोगूने ‘पुण्यप्रभाव’मध्ये किंकिणी केली, ‘सौभद्र’मध्ये सुभद्रा केली. नाव व्हायला लागलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शिकणं सुरू राहिलं. चिंतुबुवा गुरव यांनी रागसंगीताची तालीम दिली. रामलाल यांच्याकडून कथकही शिकली. म्हणजे आज ज्याला आपण स्टेज प्रेझेन्स म्हणतो, त्याचे धडे तिला कोवळ्या वयात पायात घुंगरू बांधून मिळाले.

पण तिथेही टिकता आलं नाही. कंपनीत भांडण झालं आणि तिला बाहेर पडावं लागलं. मग आजारपण. उपचारासाठी तिला सांगलीला आणलं, साल १९१९. वय पंधरा, कंपनी गेलेली, तब्येत बिघडलेली. आपल्या भाषेत सांगायचं तर करिअर संपल्यात जमा.

तरी ती रोज रियाजाला बसायची. आणि सांगतात की त्या घरावरून रोज जाणारे एक वयस्कर गृहस्थ तिचं गाणं ऐकत असत. एक दिवस ते थेट घरात आले आणि गाणं ऐकायचंय म्हणाले. मुलगी गायली. हे कोण, याचा तिला पत्ताच नव्हता. ते होते उस्ताद अल्लादिया खाँ, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारातले गवई. मोगूच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी ऑडिशन अशी झाली. आपण ऑडिशन देतोय हे तिला माहीतच नव्हतं.

खाँसाहेबांनी शिकवायला सुरुवात केली. साधारण दीड वर्ष तालीम चालली. जगात सगळं जागेवर आलं असं वाटत असतानाच १९२२ मध्ये शाहू महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला राहायला आले. मोगूबाईही पाठोपाठ मुंबईला आल्या. कारण गुरू जिथे, तिथे शिक्षण.

बारा वर्षांची वेटिंग लिस्ट

सिनेमा असता तर इथे गाणं लागून दहा वर्षं पुढे गेली असती. खरी गोष्ट इथे अडकते.

मुंबईत खाँसाहेबांकडे आधीपासून शिकणारे होते, त्यांना पोसणारे श्रीमंत आश्रयदाते होते. त्यांना ही गोव्याची पोर मध्ये नको होती. त्या काळी तालीम म्हणजे गुरूची विद्या, आणि ती कुणाला द्यायची यात पैसे देणाऱ्यांचाही शब्द चालायचा. मोगूबाईंचं शिक्षण थांबलं. गाणं कमी पडलं म्हणून नव्हे. त्यांच्या बाजूने बोलणारं वजनदार कुणी नव्हतं म्हणून.

तुमच्यापैकी कुणाचं सिलेक्शन ओळख नाही म्हणून हुकलं असेल, तर तुम्हाला हा परिच्छेद दोनदा वाचायची गरज नाही.

मोगूबाईंनी रडत बसण्याऐवजी दुसरी दारं शोधली. आग्रा घराण्याच्या बशीर खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडे शिकल्या. मग अल्लादिया खाँसाहेबांचे धाकटे भाऊ हैदर खाँ यांनी त्यांना शिकवायला घेतलं आणि काही वर्षं जयपूर घराण्याची तालीम पुन्हा सुरू झाली. त्यालाही विरोध झाला, हैदर खाँ मुंबई सोडून गेले, आणि मोगूबाई पुन्हा गुरूविना.

शेवटी १९३४ मध्ये खुद्द अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना गंडा बांधला. म्हणजे रीतसर शिष्या म्हणून स्वीकारलं. तेव्हा खाँसाहेब ऐंशीच्या घरात होते आणि मोगूबाई तीस वर्षांच्या. सांगलीतल्या त्या दिवसापासून मोजा. पंधरा वर्षं होतात, आणि मुंबईला आल्यापासून बारा. आपल्याकडे चिंचणीच्या डायमेकरना विचारलंत तर ते सांगतील, पोलादाच्या तुकड्यावर बारीक नक्षी कोरायला हात बसेपर्यंत किती वर्षं जातात. जयपूर घराण्याची गायकी तशीच आहे. अवघड राग, जोडराग, लयीला घट्ट बांधलेली आलापी. क्रॅश कोर्स निघत नाही. खाँसाहेब १९४६ मध्ये गेले, तोपर्यंत मोगूबाई त्यांच्याकडे शिकत होत्या.

आता आईची जागा

दरम्यान मोगूबाईंचं लग्न झालं होतं. पती माधवदास भाटिया. तीन मुलं. थोरली किशोरी, जन्म १९३२ चा. किशोरी सहा-सात वर्षांची असताना वडील गेले. घर चालवायचं, तीन मुलं वाढवायची आणि स्वतःची तालीमही सोडायची नाही. पैसे येणार ते मैफली आणि शिकवण्यांतून.

आणि इथे जयश्रीबाईंची गोष्ट पुन्हा सुरू होते. फरक एवढाच की या वेळी आई जिवंत राहिली.

मोगूबाई लाड करणाऱ्या आई नव्हत्या. गाण्याच्या बैठकीत तर नाहीच. स्थायी किंवा अंतरा त्या दोनदाच गाऊन दाखवायच्या, तिसऱ्यांदा नाही. तेवढ्यात पकडायचं. किशोरीताईंनी मोठेपणी हे अनेकदा सांगितलं, आणि त्यामुळेच कान तयार झाले असंही मानलं. आईच्या मागे तानपुरा घेऊन बसायचं, गावोगाव जायचं, ऐकायचं. तोच क्लासरूम. पण मोगूबाईंनी लेकीला फक्त स्वतःपुरतं ठेवलं नाही. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकायला पाठवलं. आपल्याला सगळं येत नाही हे मान्य करून मुलाला दुसऱ्याकडे पाठवणं किती पालकांना जमतं?

त्या प्रवासात किशोरीने अजून एक गोष्ट पाहिली. आईचं गाणं लोक माना डोलावून ऐकायचे आणि नंतर तिला तिसऱ्या वर्गाचं तिकीट द्यायचे. उतरायला हॉटेल नाही, कुणाच्या तरी घरी सोय. बिदागी थोडी. जयश्रीबाईंच्या काळातला तो अपमान पुढच्या पिढीतही तसाच होता. पुढे किशोरी आमोणकर आयोजकांशी कडक वागतात, श्रोत्यांनी गडबड केली तर गाणं थांबवतात, याची खूप चर्चा व्हायची. लोक नखरे म्हणायचे. त्या कडकपणाची मुळं या प्रवासांत होती. जे आईला मिळालं नाही, ते लेकीने मागून घेतलं.

लेकीचा आवाज ऐन पंचविशीच्या आसपास गेला तेव्हाही घर हललं होतं. दोनेक वर्षं गाणं बंद. उपचारांनी आवाज परत आला, आणि त्यानंतर जे गाणं आलं ते सगळ्या देशाने ऐकलं. त्या गाण्यात घराण्याची चौकट ओलांडलेली होती, भावनेला जास्त जागा होती. मोगूबाईंची गायकी शिस्तीची, लेकीची वाट वेगळी. ज्या आईने तिसऱ्यांदा गाऊन दाखवलं नाही, तिला लेक आपल्यासारखं गात नाही हे पाहावं लागलं. सपोर्ट करण्यातला हा सगळ्यात अवघड भाग असावा.

मोगूबाईंना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं. कमल तांबे, बबनराव हळदणकर, पद्मा तळवलकर अशी मोठी शिष्यमंडळी त्यांच्याकडे तयार झाली. ज्या विद्येसाठी त्यांना बारा वर्षं दाराबाहेर थांबावं लागलं, ती त्यांनी घरात कोंडून ठेवली नाही. १० फेब्रुवारी २००१ ला, ९६ व्या वर्षी त्या गेल्या. पुढच्याच वर्षी किशोरीताईंना पद्मविभूषण जाहीर झालं.

मे महिन्यात वर येणारं गाव

कुर्डी गाव आता नकाशावर शोधलंत तर पाणी दिसेल. साळावली धरणात ते बुडालं. पण दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरलं की गाव वर येतं. घरांची जोती, वाटा, सोमेश्वराचं देऊळ. पांगलेले गावकरी तेवढ्यापुरते परत येतात, उत्सव करतात. त्याचे व्हिडिओ तुम्ही उन्हाळ्यात इन्स्टावर पाहिलेही असतील. पुढच्या वेळी दिसला तर लक्षात ठेवा, याच गावातून एक आई दहा वर्षांच्या लेकीचा हात धरून गुरू शोधायला निघाली होती. तिने लेकीची एकही मोठी मैफल ऐकली नाही. नातीचा तर जन्मही पाहिला नाही.

माझं सांगते. सातवीपर्यंत माझी आई मला दर शनिवारी नाचाच्या क्लासला न्यायची. मी आत, ती बाहेर पायरीवर, मांडीवर निवडायची भाजी. दहावीचं निमित्त करून मी क्लास सोडला. तिने काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. हा लेख लिहिताना मी तिला पहिल्यांदा विचारलं की त्या पायरीवर बसून ती काय करायची. ती म्हणाली, आतून पायांचा आवाज यायचा, त्यातला माझा कुठला ते ओळखायचा प्रयत्न करायची.

तुमच्याही बाबतीत असं कुणीतरी बाहेर बसलेलं असेल. आई, बाबा, मोठी ताई, क्लासची फी भरणारा मामा. आज घरी गेल्यावर विचारून बघा.