पदवीपलीकडचा डॉक्टर : येल्लाप्रगडा सुब्बाराव

परक्या देशात नोकरी शोधणाऱ्या सुशिक्षित माणसाची पहिली परीक्षा त्याच्या ज्ञानाची नसते, कागदपत्रांची असते. मायदेशातील पदवी तेथे चालत नाही आणि मिळेल ते काम पत्करावे लागते. कर्करोगापासून हत्तीरोगापर्यंतच्या औषधांच्या शोधात ज्यांचा वाटा आहे, त्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनाही हीच परीक्षा द्यावी लागली.

१२ जानेवारी १८९५ रोजी आजच्या आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे त्यांचा जन्म झाला. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना गांधीजींच्या स्वदेशीच्या प्रभावाने ते खादीचा अंगरखा घालून शस्त्रक्रियागृहात जात. शल्यचिकित्सेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही, असे चरित्रकार सांगतात. अखेर त्यांच्या हाती एमबीबीएसऐवजी एलएमएस ही कनिष्ठ पदवी पडली. त्यातच दोन भाऊ संग्रहणीने दगावले. या रोगावर उपाय शोधण्याची ओढ त्यांच्या मनात तेव्हापासूनच रुजली.

सासऱ्यांच्या आणि एका धर्मादाय संस्थेच्या मदतीने ते हार्वर्ड विद्यापीठात उष्णकटिबंधीय रोगांच्या अभ्यासासाठी बोस्टनला पोहोचले. शिष्यवृत्ती नव्हती आणि अमेरिकेत वैद्यकी करण्याचा परवानाही नव्हता. त्यामुळे शिकलेला हा डॉक्टर एका रुग्णालयात रात्रपाळीचा हमाल झाला. रुग्णांची मलमूत्राची भांडी स्वच्छ करून तो दिवसा शिक्षण घेऊ लागला. मागे राहिलेल्या पत्नीची व त्यांची पुन्हा भेट झालीच नाही.

प्रयोगशाळेत मात्र त्यांच्या बुद्धीला वाव मिळाला. सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी १९२५ मध्ये रक्तातील व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि पेशींना ऊर्जा पुरवणारे एटीपी यांचा शोध या जोडीने लावला. १९३० मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. तरीही हार्वर्डमध्ये कायम स्वरूपाचे अध्यापकपद त्यांना लाभले नाही.

त्या काळी कायदाही परकीयांच्या बाजूचा नव्हता. भारतीयांना अमेरिकी नागरिकत्व घेता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये दिला होता. हा दरवाजा उघडला तो थेट १९४६ च्या कायद्याने. सुब्बारावांनी मात्र अखेरपर्यंत अमेरिकी नागरिकत्व घेतले नाही.

विद्यापीठाने जे दिले नाही, ते उद्योगाने दिले. १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथे लेडर्ले कंपनीत रुजू झाले आणि लवकरच संशोधन विभागाचे प्रमुख बनले. त्यांच्या नेतृत्वाखालील चमूने १९४५ मध्ये फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले. भावांचा बळी घेणाऱ्या संग्रहणीवर याच जीवनसत्त्वाचा उपयोग होऊ लागला. फॉलिक आम्लाच्या कार्याला अटकाव करणारे ॲमिनोप्टेरिन त्यांच्या चमूनेच पुरवले. ते वापरून बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त बालकांमध्ये तात्पुरता आराम मिळवून दाखवला. त्याचेच भावंड असलेले मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. टेट्रासायक्लिन गटातील पहिले प्रतिजैविक ऑरिओमायसिन याच प्रयोगशाळेतून १९४८ मध्ये पुढे आले. हत्तीरोगावरील डीईसी गोळ्याही तेथेच जन्मल्या. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत हत्तीरोग निर्मूलन मोहिमेत घरोघर वाटल्या गेल्या त्या याच गोळ्या.

ऑगस्ट १९४८ मध्ये वयाच्या ५३ व्या वर्षी सुब्बारावांचे निधन झाले. त्यांच्या सन्मानार्थ एका बुरशीला सुब्बारोमायसिस हे नाव देण्यात आले, तर जन्मशताब्दी वर्षात, १९९५ मध्ये, भारत सरकारने टपाल तिकीट काढले.

एलएमएसची पदवी बोस्टनमध्ये हमालीपलीकडे नेऊ शकली नाही. पण त्याच माणसाला प्रयोगशाळा मिळताच एकेकाळी घरावर कोसळलेल्या रोगावरही उपाय हाती आला. पर्ल रिव्हरची संधी ज्यांना कधीच मिळाली नाही, अशा स्थलांतरितांच्या अंगचे गुण मात्र कोणत्याच नोंदवहीत सापडत नाहीत.