५ एप्रिलचं जहाज आणि ग्वाल्हेरचे महाराज, काय आहे नातं?

दरवर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो. १९१९ मध्ये याच दिवशी सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. पण त्याआधी हे जहाज काय करत होतं? त्यासाठी ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याकडे जावं लागतं.

माधवरावांचा जन्म १८७६ चा. घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचं. दहाव्या वर्षी गादीवर आले. यंत्रांचं भारी वेड. जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांपर्यंत दारू आणि सिगार नेणारी चांदीची छोटी रेल्वे त्यांचीच. चीनमध्ये १९०० च्या बॉक्सर उठावावेळी त्यांनी ब्रिटिश फौजेला रुग्णालय जहाज दिलं, स्वतःही तिकडे गेले.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. माधवरावांनी इतर संस्थानिकांच्या साथीनं 'एम्प्रेस ऑफ इंडिया' विकत घेतलं. १८९१ पासून व्हँकुव्हर ते हाँगकाँग प्रवासी नेणारं हे वाफेचं जहाज. आता त्यात प्रवाशांऐवजी जखमी भारतीय सैनिक आले. नवं नाव 'लॉयल्टी', म्हणजे निष्ठा. अर्थातच ब्रिटिश राजाशी. १९१६ मध्ये झालेल्या मुलाचं नावही जॉर्ज जिवाजीराव!

खरी गंमत पुढे आहे. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी हेच जहाज घेऊन ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान दिलं. कंपनीला नावही शिंद्यांचंच मिळालं. जहाज १९२३ मध्ये भंगारात निघालं. माधवराव १९२५ मध्ये पॅरिसमध्ये वारले.