आडनावाचा त्याग

प्राचीन रोमन लोकांत पुरुषाच्या नावाचे बहुधा तीन भाग असत. गायस ज्यूलियस सीझर या नावात ज्यूलियस हे कुळाचे आणि सीझर हे त्या कुळातील घराण्याचे नाव होय. गुलाम मुक्त झाला म्हणजे तो पूर्वीच्या धन्याचेच कुलनाम धारण करी. सिसेरोचा लेखनिक टायरो हा मुक्तीनंतर मार्कस टुलियस टायरो झाला. पुढे सीझर हे घराण्याचे नाव बादशहाची पदवी बनले. आमच्याकडे प्रवाह उलटा वाहिला. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी ही हुद्द्यांची नावे घराण्यांस चिकटली. हुद्दे गेले, नावे मात्र राहिली.

अशा या देशात एका पुरुषाने आडनाव उतरवून ठेविले, त्याचे चरित्र बीड जिल्ह्यातील वाचकांनी स्मरणात ठेवावे असे आहे. व्यंकटेश खेडगीकर यांचा जन्म 3 ऑक्टोबर 1903 रोजी विजापूर जिल्ह्यात झाला. शिक्षण संपल्यावर कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काही काळ काम केले. नंतर ते निजामाच्या राज्यात हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आले. 1932 साली त्यांनी संन्यास घेतला आणि खेडगीकरांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे त्या वेळी मोमिनाबाद म्हटल्या जाणाऱ्या अंबेजोगाईस त्यांनी योगेश्वरी शाळेत विद्यादानाचे कार्य केले. संन्यासी असून ते मठात बसले नाहीत. 1938 च्या सत्याग्रहात त्यांनी कारावास पत्करिला. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे ते नेते झाले. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाचे सैन्य शरण आले, तेव्हाही ते तुरुंगातच होते. पुढे ते लोकसभेचे सभासद झाले. 22 जानेवारी 1972 रोजी त्यांचे देहावसान झाले.

तीर्थ हेही दशनामी परंपरेतील एक नावच, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे; परंतु हे नाव जन्माने मिळालेले नव्हते, स्वतः पत्करलेले होते. मराठी, तेलुगू व कानडी बोलणाऱ्या प्रजेने त्यांस आपले मानिले, ते त्यांचे कूळ विचारून नव्हे.

आता आपण आपल्याकडे पाहू. घर भाड्याने देताना, दुकानात माणूस ठेविताना, आपला पहिला प्रश्न कोणता असतो? आडनाव विचारून आपण जात काढतो आणि गुणांची चौकशी मागाहून करितो. ज्याच्या आडनावास मान आहे, त्यास याची झळ लागत नाही. ज्याच्या आडनावाने दार बंद होते, त्यास ती रोज लागते. सर्वांनी आडनावे टाकावीत असे आमचे म्हणणे नाही. व्यवहारास, खातेवहीस ती हवीतच. परंतु समोरच्याचे आडनाव ऐकण्यापूर्वी त्याचे काम पाहण्याची सवय आपणांस लाविता येईल. अंबेजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्वामीजींच्या नावाने चालते. तेथे येणाऱ्या रोग्याची नाडी पाहताना त्याचे कूळ कोणी पाहत नाही. हाच नियम पेढीवर आणि ओसरीवर का पाळू नये?