रमाबाईंनी बिशपांनाही जुमानलं नाही

पेण-रोह्याच्या घरांतून परदेशी शिकायला जाणाऱ्या मुली आता काही नवलाईच्या राहिल्या नाहीत. तरी मुलगी निघाली की घरात दोन काळज्या हटकून बोलून दाखवल्या जातात. तिकडे जाऊन देवधर्म विसरेल, ही एक. आणि तिकडच्या बायकांसारखी मोकळी होईल, ही दुसरी. तिकडच्या बायका मोकळ्याच असतात, हे आपण धरूनच चालतो, नाही का? पण सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या पंडिता रमाबाईंना अनुभव आला तो वेगळाच.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे आईने रमेला शिकवलं. हे कुटुंब पुराणं सांगत देशभर पायी फिरायचं. दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि मोठी बहीण गेली, उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तेव्हा वय अवघं वीस. भाऊही गेला. मग बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, १८८२ मध्ये, पतीही कॉलऱ्याने गेले. पदरात लहानगी मनोरमा.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात असं ठामपणे सांगितलं. स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये मुलीला घेऊन इंग्लंड गाठलं. ऐकू कमी येत असल्यामुळे ते स्वप्न राहूनच गेलं. सोबत आलेल्या मैत्रिणीचा, आनंदीबाई भगत यांचा, तिथेच दुर्दैवी अंत झाला. आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथल्या जोगिणींच्या आश्रमाच्या आधाराने रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात गदारोळ उठला. त्यांची बाजू घेणाऱ्या थोड्यांमध्ये जोतीराव फुले होते.

आपल्याकडे बहुतेक वेळा गोष्ट इथेच थांबते: शिकली, परदेशी गेली, बाटली. खरी मजा तर इथून पुढे आहे.

ख्रिस्ती झाल्यावर ही बाई आता आपलं मुकाट ऐकेल, असं वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना वाटलं असावं. रमाबाईंनी तर पहिल्यापासून प्रश्नच विचारायला सुरुवात केली. देव एक असताना तो त्रिविध कसा? बायबलमध्ये स्पष्ट नाही ते चर्च म्हणतं म्हणून का मानायचं? क्रूसावर अक्षरं लॅटिनच का, संस्कृत का चालू नयेत? एका धर्मातल्या पुरोहितांचं जोखड टाकून दुसऱ्या धर्मातल्या पुरोहितांचं मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. मनोरमेला धर्माचं काय शिकवायचं, यावरूनही सिस्टरशी त्यांची पत्रांतून चांगलीच जुंपली. (ती पत्रं छापलेली आहेत. वाचताना दोघींचीही माया जाणवते, आणि दोघींचाही हट्ट.)

चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत होत्या, संस्कृतही शिकवत होत्या. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील या मुलींच्या उच्च शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या बाई. रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावं अशी कल्पना निघाली, तेव्हा मुंबईचे आणि लाहोरचे बिशप आडवे आले. बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिचा मान जाईल, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंना नवल वाटलं. जुन्या वळणाच्या वडिलांनी कधी हरकत घेतली नाही, नवऱ्यानेही नाही, आणि सुधारलेल्या म्हणवणाऱ्या इंग्लंडात ती निघावी! त्यांनी तसं स्पष्ट कळवलं.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचं, तारीख ११ मार्च. गोपाळराव अलिबागला पोस्टात असताना ही छोटी आनंदी तिथे शिकत होती, म्हणजे आपल्या या जुन्या कुलाबा जिल्ह्याचाही तिच्यावर थोडा हक्क आहे. फिलाडेल्फियात दोघी भेटल्या. एकीने धर्म बदललेला, दुसरी हिंदू म्हणूनच शिकून डॉक्टर झालेली. तरी मायेत अंतर नव्हतं.

अमेरिका त्यांना आवडली, बायकांच्या संघटना तर फारच. पण तिथल्या बायकांना देशभर मताचा हक्क नाही, काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना कसं वागवतात, हेही त्यांनी आपल्या मराठी प्रवासवृत्तात लिहून ठेवलं.

परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. सदनात धर्माची सक्ती नव्हती. मिशनरी कुरकुरत की ही धर्मप्रसार करत नाही. १८९३ मध्ये पुण्यात उलटा आरोप झाला. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या धोरणांबद्दल मतभेद असू शकतात. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या उघडपणे ख्रिस्ती प्रचारक झाल्या, हेही खरंच. पण १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत उपाशी, टाकून दिलेल्या शेकडो मुली कोण गोळा करत होतं, हेही विसरून चालणार नाही. १८९७ च्या प्लेगात सरकारी दवाखान्यांतल्या बायकांच्या हालांवर वर्तमानपत्रात लिहून त्यांनी गोऱ्या साहेबांचाही राग ओढवून घेतला.

शेवटची कितीतरी वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत उतरवत होत्या. खेड्यातल्या बाईलाही कळावं अशी भाषा त्यांना हवी होती. छपाईचं काम मुक्तीतल्या बायकांनीच केलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाईंनी भाषांतर हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच डोळे मिटले.